इंग्रजीच्या तासाला जाण्याआधी: आत्याचा कानमंत्र

बाळा,

नेमणुकीचे पेढे देऊन निघालास आणि दारात थांबून विचारलंस, "आत्या, तिकडच्या पोरांना इंग्रजीची गोडीच नाही म्हणतात. कसं करायचं?" तुझी एसटी चुकली असती म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आता सवडीने लिहिते. बत्तीस वर्षं आंबेगाव तालुक्यात इंग्रजी शिकवलं. शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, ठाकर आणि महादेव कोळ्यांची पोरं माझ्या हाताखालून गेली. त्यातलं जे कामाचं ठरलं तेवढंच तुझ्या कानात सांगते.

पहिली गोष्ट अशी, की गोडी नसलेलं पोर मला भेटलं नाही. भ्यालेली पोरं खूप भेटली. "हे आपल्या काय कामाचं?" असं मनात म्हणणारी त्याहून जास्त भेटली. भीती काढणं आणि काम दाखवणं, या दोन गोष्टी तुझ्या हातात आहेत. बाकी सगळं त्यामागून येतं.

१. धडा काढण्याआधी लाज काढ

आठवीत असताना मी वाचायला उभी राहिले आणि 'नाइफ' हा शब्द 'क्नाइफ' असा वाचला. पुढे 'के' अक्षर दिसत होतं, मी ते म्हटलं. मराठीत लिहिलंय तसं वाचायची सवय, मला दुसरं काय सुचणार? वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर दीड वर्ष इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडलं नाही. नंबर आला की पोटात दुखतंय म्हणायचे, आणि खरंच दुखायचं.

म्हणून पहिल्याच दिवशी वर्गात नियम कर: चुकणाऱ्याला कुणी हसायचं नाही. आधी तो तू पाळ. पोर 'क्नाइफ' म्हणालं तर सांग, "तू अक्षरं बरोबर ओळखलीस. हा 'के' मुका आहे, लिहायचा पण बोलायचा नाही." पोराला शाबासकीही मिळते आणि सगळ्या वर्गाला मुकं अक्षर कळतं.

बोलण्यातली चूक मधेच तोडू नको. पोर म्हणालं, "ही गो टु मार्केट येस्टरडे," तर तू म्हण, "ओ, ही वेंट टु द मार्केट? व्हॉट डिड ही बाय?" बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं आणि गप्पाही थांबल्या नाहीत. वहीतल्या चुका तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक धर. सगळं पान लाल झालं की पोर वही मिटतं आणि मनही मिटतं.

आणखी एक. प्रश्न विचारलास की मनात दहा आकडे मोज. आपण शिक्षक दोन आकड्यांतच पुढच्या पोराकडे वळतो. ज्याला प्रश्न आधी मराठीत फिरवायचा, उत्तर शोधायचं, ते परत इंग्रजीत न्यायचं, त्याला तेवढा वेळ नको का?

२. शिकवलेलं संध्याकाळी घरी उपयोगी पडलं पाहिजे

माझं तोंड कसं उघडलं ते ऐक. त्या काळी आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला एखादा माणूस मुंबईत गिरणीत असायचा. एका दुपारी शेजारच्या काकूंकडे तार आली. तार म्हणजे वाईट बातमी, हे गावात ठरलेलं. पोस्टमन कागद देऊन पुढच्या वाडीला निघून गेला होता आणि काकूंनी कागद उलगडण्याआधीच रडायला सुरुवात केली. बायका जमल्या. कुणीतरी मला पुढे ढकललं. इंग्रजी चार शब्द होते: 'रीचिंग संडे विथ फॅमिली.' मी दोनदा मनात वाचले आणि म्हटलं, "काकू, दादा रविवारी येतायत. वहिनी आणि पोरांना घेऊन."

काकूंनी डोळे पुसले आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत मी आपणहून हात वर केला.

तारखातं २०१३ च्या जुलैत बंद झालं. पण त्या तारेसारखे न वाचलेले कागद आजही प्रत्येक घरात पडून आहेत. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती किती आणि कधीपर्यंत वापरायचं ते लिहिलेलं असतं. गोळ्यांच्या पाकिटावर 'एक्स्प'पुढे तारीख असते. मोबाइलवर 'अलाउ' आणि 'डिनाय' विचारतात आणि माणूस न वाचता अंगठा दाबतो. खताच्या गोणीवर 'नेट वेट' लिहितात, म्हणजे गोणी सोडून आतल्या मालाचं वजन. हाच तुझा पाठ.

यातला एक पाठ तर घेतल्याशिवाय राहू नको. आपला सगळा पट्टा टोमॅटो-कांद्याचा. घरोघरी फवारणी. औषधाच्या बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायला सांग. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन' लिहिलेलं असतं, निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. बाटल्या शाळेत मागवू नको. लेबलाचं चित्र फळ्यावर काढ आणि घरच्या बाटलीला हात न लावता, लांबूनच रंग बघून यायला सांग. माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी धावत आली. "बाई, आमच्याकडं पिवळा हाय. बापू तोंडाला काय न बांधता मारत व्हते. मी वाचून दाखवलं." त्या दिवसापासून तिच्या बापूंनी रुमाल बांधला, आणि त्या दिवसापासून ती मुलगी माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायला लागली. रुमालाने सगळं विष अडत नाही, हातमोजे आणि मास्क लागतात, तेही मग आम्ही लेबलावरच वाचलं.

हे काही माझं एकटीचं डोकं नाही. बंगळूरला एन. एस. प्रभू नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी पोरांपुढे कोडी ठेवली: हा नकाशा, हे रेल्वेचं वेळापत्रक, अमुक ठिकाणी अमुक वाजता पोचायला कोणती गाडी धरशील? पोरांचं डोकं गाडी शोधण्यात गुंतलं आणि भाषा पाठीमागून येत गेली. तुझ्याकडे रेल्वे नाही, पण मंचरच्या स्टँडवरून घोडेगाव, डिंभे, भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या आहेत. त्यांचं वेळापत्रक इंग्रजीत लिहून फळ्यावर लाव आणि विचार, "बाजार उरकून अंधार पडायच्या आत घरी पोचायला कोणती गाडी?" बघ, मागच्या बाकावरचे कसे पुढे येतात.

३. तोंडात आधीच असलेली इंग्रजी त्यांना मोजून दाखव

"मला इंग्रजी अजिबात येत नाही," असं म्हणणारं पोर दिवसाला पन्नास इंग्रजी शब्द बोलतं. मोटर, स्टार्टर, फ्यूज, ड्रिप, मल्चिंग, क्रेट, टेम्पो, पंप, नोझल, बिल, रेट, सिझन. पहिल्या आठवड्यात वर्गाकडून अशी यादी करून घे आणि भिंतीवर लाव. माझ्या वर्गाने एकदा दीडशेच्या वर शब्द काढले होते, आणि त्यातले निम्मे सगळ्यांत 'ढ' समजल्या जाणाऱ्या पोराने सांगितले, कारण तो सुटीच्या दिवशी बापाबरोबर नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जायचा. मग त्यातल्याच शब्दांचं स्पेलिंग घे, त्यांचीच वाक्यं कर. 'द मोटर इज ऑफ. देअर इज नो लाइट.' आपल्याकडे यापेक्षा खरं वाक्य कोणतं असणार?

४. बोलीला हात लावू नको

तुझ्या शाळेत ठाकर, महादेव कोळ्यांची पोरं असतील. त्यांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि आता वर इंग्रजी. आपण ज्याला दुसरी भाषा म्हणतो ती त्यांना तिसरी आहे, हे ध्यानात ठेव. त्यांच्या बोलीला अशुद्ध म्हणालास तर पोर दोन्हीकडून तुटेल. उलट विचार, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" मग मराठी शब्द, मग इंग्रजी. तीन रकान्यांची वही घालून दे. पहिला रकाना त्यांचा, त्यात गुरुजी ते. हा रकाना भरताना पोर ताठ बसतं.

वर्गात मराठी बोलायची लाज तूही धरू नको. अवघड गोष्ट मराठीत समजावून सांग, सोपी इंग्रजीत बोल. 'ओपन', 'कम हिअर', 'वेल डन' हे रोज तेच, त्याच शब्दांत.

५. व्याकरण अंगाने शिकव

आपल्या पोरांची एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: 'आय मँगो ईट.' कारण मराठीत क्रियापद शेवटी. नियम सांगून हे जात नाही. तीन पोरांना उभं कर. एकाच्या हातात 'मी' लिहिलेली पाटी, दुसऱ्याच्या 'आंबा', तिसऱ्याच्या 'खातो'. वर्गाकडून वाचून घे. मग म्हण, "आता इंग्रजीत जायचंय, आंबा आणि खातो, जागा बदला." दोघं जागा बदलतात, पाट्या उलटतात, मागे इंग्रजी शब्द: 'आय, ईट, मँगोज.' दहा वाक्यांना दहा वेगळी पोरं उभी कर. पायांनी जागा बदललेली असली की ती डोक्यात राहते. पुढे चूक झाली तर बोलायचीही गरज नाही, दोन बोटं एकमेकांवरून फिरवून दाखव, पोर स्वतःच दुरुस्त करतं.

६. आपल्या मातीतलं सांगायला लाव

हा माझ्या सगळ्या कानमंत्रांचा गाभा समज. 'माय ट्रिप टु द झू' असा निबंध मी वर्षानुवर्षं लिहून घेतला. त्यातल्या एकाही पोराने प्राणिसंग्रहालय पाहिलेलं नव्हतं. बिबट्या मात्र पुष्कळांनी पाहिला होता, उसातून निघताना. मग मी तो निबंध सोडला आणि बिबट्याचा घेतला. पोरांची वही पुरेना.

आपलं महाळुंगे पडवळ हुतात्मा बाबू गेनूंचं जन्मगाव. १९०८ चा जन्म, गरीब शेतकऱ्याचं घर, पुढे मुंबईत गिरणी कामगार, आणि १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवं होऊन दिलेले प्राण. डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे. एका १२ डिसेंबरला वर्गातल्या एका पोराने मला विचारलं, "बाई, इंग्रजांनी त्यांना मारलं. मग त्यांची भाषा आपण का शिकायची?"

असा प्रश्न आला तर टाळू नको, पोर विचार करतंय. मी सांगितलं, "ते ज्या कापडापुढे उभे राहिले, त्याने इथल्या माणसाचा रोजगार नेला होता. भाषा तुझं काही नेत नाही. आणि बाबू गेनू कोण होते हे परक्या माणसाला सांगायचं असेल, तर ते दुसरं कुणी आपल्या वतीने का सांगावं? तू सांग." मग ठरलं, प्रत्येकाने पाच वाक्यं इंग्रजीत लिहायची. 'ही वॉज बॉर्न इन अवर व्हिलेज. ही वर्क्ड इन अ मिल.' प्रश्न विचारणाऱ्या पोराची वही बघितली. शेवटी त्याने लिहिलं होतं: 'ट्रक कम. ही नॉट मूव्ह.'

मी बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. मग फळ्याकडे गेले आणि म्हटलं, "याला जे म्हणायचंय ते इंग्रजीत असं म्हणतात: ही डिड नॉट मूव्ह." 'डिड नॉट' मी कितीतरी वर्षं कितीतरी वर्गांना शिकवलं. त्या वर्गाने ते पुन्हा कधी चुकवलं नाही. ते म्हणायची त्यांना गरज होती, म्हणून.

७. मोठं जग दाखव, पण हाताला लागेल असं

"इंग्रजी आलं की अमेरिकेला जाशील," असं सांगू नको. सहावीतल्या पोराला अमेरिका म्हणजे आभाळ. त्याला खोडदला ने. नारायणगावजवळ, जुन्नर तालुक्यातच, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि जगभरचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात. फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे शाळांसाठी प्रदर्शन असतं. जाण्याआधी प्रत्येकाकडून इंग्रजीत एकच प्रश्न तयार करून घे, पाठ करून घे, आणि तिथे विचारायला लाव. उत्तर अर्धं कळलं तरी चालेल. आपण विचारलं आणि समोरच्याला कळलं, हे पोर जन्मभर विसरत नाही.

जुन्नरची लेणी दाखवशील तेव्हा हेही सांग: दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाच्या वाटेवर व्यापार चालायचा, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांकडच्या परदेशी माणसांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. ते लेख इथल्या प्राकृतात कोरलेले आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला इथे काम होतं, त्याने इथली भाषा जवळ केली. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्यालाही वाटायचं कारण नाही.

८. खाडे करणाऱ्या पोराला दार उघडं ठेव

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतील. त्यांची पोरं कोपीतून, म्हणजे झोपडीतून, चार महिने तुझ्या शाळेत येतील आणि हंगाम संपला की निघून जातील. डोंगराकडची पोरं हिरड्याच्या दिवसांत आईबापाबरोबर रानात असतील. परत आल्यावर "कुठं होतास?" असं दरडावू नको, त्याला ठाऊक आहे कुठे होता ते. इंग्रजी साखळीसारखं शिकवलं की एक कडी निसटली तर पोर कायमचं मागे पडतं. म्हणून प्रत्येक आठवड्याचा पाठ सुटा ठेव, आणि सोमवारची पहिली दहा मिनिटं मागच्या पाठाची. खाडा करून आलेल्याला विचार, "रानात काय पाहिलंस? तीन शब्द दे, आपण इंग्रजीत बघू." तो मागे पडलेला न राहता नवं काही घेऊन आलेला ठरतो.

९. आईबापाच्या उंबऱ्यावर जा

जोतीराव फुल्यांनाही शाळा सोडावी लागली होती. गोविंदरावांनी त्यांना शेतीकामाला घातलं होतं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला गेले. पुढे सावित्रीबाईंनी १८५४ च्या आपल्या 'काव्यफुले'त शूद्रांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली. दोन शेजाऱ्यांनी एका बापाशी बोलण्याचे कष्ट घेतले म्हणून हे घडलं. तूही घ्यायचे. विशेषतः मुलीच्या घरी जा. तक्रार घेऊन जाऊ नको. तिने लिहिलेलं एक वाक्य घेऊन जा आणि आईसमोर तिलाच वाचायला लाव. आईला एक अक्षर कळलं नाही तरी मुलीच्या तोंडावरचं समाधान कळतं, आणि दुसऱ्या दिवशी भांडी राहिली तरी मुलगी शाळेत येते.

१०. परीक्षेची तयारी शेवटच्या तीन महिन्यांवर ठेवू नको

गाईडातली उत्तरं घोकणारं पोर प्रश्न जरा फिरवला की गळतं. आठवीपासून सांग, उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं बहुतेक उताऱ्यातच असतात. प्रश्नातला मुख्य शब्द बोटाने उताऱ्यात शोधायचा. एवढी सवय लागली तर कच्चं पोरही पान कोरं ठेवत नाही. भाषांतराचा सराव तर तीन रकान्यांच्या वहीतून आपोआप होतो. ज्याला पाच मिळतात त्याला आठ मिळाले की फळ्यावर नाव लिही. पहिल्या नंबराचं कौतुक करायला सगळे आहेत.

११. तुझं स्वतःचं इंग्रजी

रात्री दहा मिनिटं मोठ्याने वाच. एखादा शब्द अडला तर वर्गात सांग, "मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो," आणि उद्या खरंच सांग. गुरुजीसुद्धा शिकतात हे दिसलं, की पोरांना न येण्याची लाज वाटत नाही. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीपर्यंत येऊनही पोर बोलायला घाबरतं. पोरात खोट काढण्याआधी आपण वर्गात काय केलं ते बघ.

सोमवारी पहिला तास आहे ना तुझा? पुस्तक उघडू नको. सगळ्यांची नावं विचार, नीट उच्चार, आणि सांग, "उद्या येताना घरातला एक असा कागद आणा, ज्यावर इंग्रजी अक्षरं आहेत आणि जो घरात कुणालाच वाचता येत नाही." कुणी औषधाची चिठ्ठी आणेल, कुणी बियाण्याचं पाकीट, कुणी बँकेचा कागद. तो कागद त्या पोराबरोबर बसून वाच, आणि त्यावर काय लिहिलंय ते संध्याकाळी घरी सांगायला त्याला बजाव. धडा पहिला परवा घेतलास तरी चालेल.

तुझी,
आत्या
महाळुंगे पडवळ